न विचारता पूर्ण करा

१

डाव्या हाताची करंगळी म्हणजे शरीरातली सगळ्यात रिकामटेकडी बाई, असा माझा समज होता. मग दादाबरोबर एक जुनं शिलाई मशीन जिन्यावरून वर आणताना मशीनचं डोकं माझ्या हातावर बसलं आणि करंगळीसकट शेजारचं बोटही मोडलं. बोटांत तार घातली, मग काढली. मी पुन्हा कामाला बसले तेव्हा कळलं की ही रिकामटेकडी ओळी आत सरकवायला दिवसभर टॅब दाबत होती.

मी वेबसाइट बनवते. कोड लिहिताना एडिटरमध्ये दोन अक्षरं टाकली की कर्सरखाली एक छोटी यादी उघडते. तुला हे लिहायचंय का, की हे? टॅब दाबलं की उरलेला शब्द एडिटर स्वतः लिहून टाकतो. याला कोड कम्प्लिशन म्हणतात. इतकी वर्षं मी ते लावलंच नव्हतं. मला काय लिहायचंय ते मला माहीत असतं, मधे बोलणारं कुणी नको, असा माझा तोरा. पण आता प्रत्येक अक्षर जपून टाकायचं होतं, कारण व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी हातावर चापट मारून बजावलं होतं, की घाई केलीस तर बोटं कायमची अशीच राहतील.

तेव्हा एका सकाळी मांडी ठोकून बसले आणि सगळं लावलं. एचटीएमएलचं वेगळं, सीएसएसचं वेगळं, उघड्या फाइलींमधले शब्द उचलणारं वेगळं. यादी झकास उघडायला लागली. पण टॅब दाबायला करंगळी हवीच, नाहीतर उजवा हात या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचवायचा. सेटिंगमध्ये शोधता शोधता खाली एक ओळ सापडली: ‘न विचारता पूर्ण करा’. मी तिच्यापुढे खूण केली. बस्स, टॅबची कटकटच गेली.

दादा दारात उभा राहून बघत होता. आमचं घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत त्याचं शिलाई मशीनं दुरुस्त करायचं दुकान, मागच्या खोलीत माझं टेबल, आणि मधल्या दाराला कधी कडी नसते.

“म्हणजे... म... माझं वाक्य क... कुणी पूर्ण केलं की तू... भ... भांडतेस,” तो म्हणाला, “आणि स्वतःचं म... मशीनकडून करून घेतेस?”

मी नेहमीसारखी गप्प राहून त्याचं वाक्य संपू दिलं. मग म्हटलं, “माझी बोटं कुणी मोडली?”

“म... मशीननं,” दादा म्हणाला आणि हसत पुढे गेला.

दादा लहानपणापासून अडखळतो. लोकांना दम नसतो. ते त्याचा शब्द उचलतात, पुढचा लावतात, आणि वर उपकार केल्यासारखे हसतात. म्हणून आमच्या घरी दोन नियम आहेत. दादाचं वाक्य कुणी पूर्ण करायचं नाही. आणि त्यानं हाक मारली, तर पूर्ण हाक आल्याशिवाय ओ द्यायची नाही. तो मला ‘छोटे’ म्हणतो. कधीकधी त्या ‘छो’वर तो इतका वेळ अडकतो की दूध उतू जातं, पण मी ओ देत नाही. हा दुसरा नियम त्यानंच केला होता, तो शाळेत असताना.

२

पहिलं काम हाती घेतलं ते दादाच्याच दुकानाच्या वेबसाइटचं. कम्प्लिशन सुंदर चालत होतं. मी चार अक्षरं टाकायची, उरलेली ओळ आपोआप. हात दुखला नाही, आणि दुपारपर्यंत मी गुणगुणायला लागले.

मग पहिल्या पानावरचा मजकूर लिहायला घेतला. ‘मशीन बिघडलंय? मला कळवा.’ मी ‘मला’ लिहिलं आणि पुढे आपोआप उमटलं: ‘मला जमणार नाही’.

मला आधी हसूच आलं. दुकानाच्या पाटीवरच नन्नाचा पाढा! मी ते पुसलं. पुन्हा ‘मला’ लिहिलं. पुन्हा तेच.

आता हे वाक्य कुणाचं, हे मला विचारायची गरज नव्हती. शाळेच्या भाषणापासून फोन उचलण्यापर्यंत दादा आयुष्यभर हेच म्हणत आलाय. इतक्यांदा म्हटलंय की ते घासून गुळगुळीत झालंय. न अडखळता तो बोलतो असं हे एकच वाक्य आहे.

पण ते एडिटरला कसं कळलं? यादीतल्या प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला बारीक करड्या अक्षरांत ती कुठून आली ते लिहिलेलं असतं. भाषेच्या नियमांतून, उघड्या फाइलीतून, की मीच साठवलेल्या तुकड्यांतून. मी यादी मुद्दाम उघडून बघितली. बाकी सगळ्या ओळींपुढे काही ना काही लिहिलेलं होतं. या ओळीपुढची जागा कोरी होती.

मी काही भाबडी नाही. कधीतरी दादाचा निरोप टाइप केला असेल, कुठेतरी राहिला असेल. मी शब्द उचलायच्या सगळ्या जागा एकेक करून बंद केल्या. फाइली मिटल्या. शेवटी एका कोऱ्या पानावर, सगळं बंद असताना, ‘मला’ लिहिलं.

‘मला जमणार नाही.’

मी संगणक बंद केला आणि चहा टाकला. कम्प्लिशनमध्येच काहीतरी घोळ आहे, असं स्वतःला दोनदा मोठ्यानं सांगितलं.

३

दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत एक शिंपीणबाई आल्या होत्या. त्यांच्या मशीनचा टाका सुटत होता. मी मागे काम करत होते, कान तिकडे.

“होईल ना हो?” त्या विचारत होत्या. “माझं पोट आहे त्याच्यावर.”

“म... म...” दादा सुरू झाला. मग स्वच्छ, सपाट आवाजात: “मला जमणार नाही.”

मी चमकले. टाका सुटणं म्हणजे दादाच्या डाव्या हातचा मळ. शिंपीणबाई कुरकुरत मशीन उचलून निघाल्या, जिन्यावर त्यांची पावलं वाजली. दादा माझ्या दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

“छ... छोटे, म... मी नाही बोललो,” तो म्हणाला. “मला उ... उद्यापर्यंत व... वेळ द्या, असं म्हणत होतो.”

“तोंडून निघून गेलं असेल,” मी म्हटलं. “सवयीनं.”

“म... मी नाही बोललो.”

मग तो धावत खाली गेला आणि त्या बाईंना जिन्यातून परत घेऊन आला. मशीन नीट करून दिलं. पण त्या दिवशी तो अर्ध्या ताटावरून उठला. माझं ‘सवयीनं’ मलाच पटत नव्हतं.

४

इथे गणिताच्या बाईंबद्दल सांगायला हवं. त्या शाळेत गणित शिकवतात. आपल्या आईचं जुनं मशीन दादाकडे दुरुस्तीला घेऊन आल्या, आणि मग ते मशीन सारखं बिघडायला लागलं. एका माणसाचं मशीन इतकं बिघडत नसतं. मी दादाला चिडवून चिडवून बेजार केलं.

त्यांच्यात एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी टिपली होती. दादा अडकला की त्या त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, घड्याळाकडेही बघत नाहीत. फळ्यावर मुलगा गणित सोडवत असताना बसावं तशा शांत बसतात. त्याचं वाक्य त्यांनी एकदाही पूर्ण केलेलं नाही.

त्यांची बदली दूरच्या गावी झाली होती. जायच्या आधी त्यांनीच विचारलं, “तुम्ही याल का माझ्याबरोबर? लग्न करून. विचार करा, रविवारी दुपारी मी येते, तेव्हा सांगा. पण तुमच्या तोंडून सांगा.”

दादाला जायचं होतं. हे मला सांगायला त्याला अख्खी संध्याकाळ लागली, पण त्यानं सांगितलं, आणि सांगताना तो लहान पोरासारखा लाजत होता. मला रडू आलं. मी म्हटलं, “जा बाबा एकदाचा, माझं घर मोकळं होईल.”

तेव्हापासून तो पुढच्या खोलीत सराव करायचा. मला भिंतीतून ऐकू यायचं. “मला... त... तु...” आणि मग तो सपाट आवाज: “मला जमणार नाही.” पुन्हा. पुन्हा. मशीनचं चाक थांबायचं, दादाचा श्वास ऐकू यायचा, आणि तो आवाज यायचा.

शेवटी माझा संयम सुटला. मी दारात गेले. म्हटलं, “अरे, तूच म्हणतोयस ते! जरा सावकाश...”

दादा पाठमोरा बसला होता. तो वळला. काम करताना त्याला स्क्रू ओठांत धरायची सवय आहे. आताही त्याच्या मिटलेल्या ओठांतून स्क्रूंची टोकं बाहेर आली होती.

आणि खोलीत त्याचा आवाज अजून चालू होता. “...जमणार नाही,” तो म्हणाला, आणि थांबला.

दादानं एकेक स्क्रू काढून डबीत ठेवला.

५

मला भीती वाटली की राग येतो. माझा स्वभावच तसा आहे. मी टेबलाशी बसले आणि ‘न विचारता पूर्ण करा’ची खूण काढली. मग कम्प्लिशन काढलं. मग अख्खा एडिटर उपटून टाकला आणि साधी, कोरी वही असावी तसा एक एडिटर टाकला, ज्यात यादी उघडायची सोयच नाही.

पुढच्या खोलीत दादा म्हणाला, “म...”

माझ्या कोऱ्या पानावर आपोआप ‘म’ उमटला. त्याच्याखाली यादी उघडली. एकच ओळ, आणि तिच्यापुढची जागा कोरी.

मी संगणक बंद करून बघितला. आवाज यायचा तो आलाच. फक्त मला काही दिसेना. दादाला बाहेर पाठवलं, तर कोपऱ्यावरच्या दुकानात त्याच्या आवाजात हेच ऐकू आलं आणि दुकानदार त्याच्याकडे बघत राहिला. म्हणजे पळून उपयोग नव्हता.

पण संगणक चालू असला की एक गोष्ट करता येत होती. ती मला चिडचिडीत सापडली. यादी उघडली आणि मी वैतागून डाव्या कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दाबलं. यादी मिटली. त्याच क्षणी पलीकडून दादाचा, खरा दादाचा, अडखळता आवाज आला: “मला त... तुम... तुमच्या...” मग यादी पुन्हा उघडली आणि सपाट आवाजानं बाकीचं उरकून टाकलं.

मी उठून त्याच्याकडे गेले. “दादा, ऐक. त्या आवाजाला फक्त तुझं जुनं माहिती आहे. जे तू कधीच म्हटलं नाहीस ते त्याच्याकडे नाही. ‘मला’वरून सुरुवातच करू नकोस. ‘येतो’ म्हण. नुसतं ‘हो’ म्हण. नाहीतर चिठ्ठी लिहून दे.”

दादानं नकारार्थी मान हलवली. अडखळणारी माणसं हेच करत आलेली असतात. अवघड शब्द आला की त्याला वळसा घालून दुसरा घ्यायचा. दादानं असे किती शब्द टाकून दिले असतील, देव जाणे.

“आ... आयुष्यभर शब्द ब... बदलले,” तो म्हणाला. “चि... चिठ्ठ्या दिल्या. हे व... वाक्य मी ब... बदलणार नाही. ‘म... मला’च म्हणणार.”

“आणि नाही जमलं तर?”

तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, “ते न... न जमण्याचं व... वाक्य आता त्याचं. म... माझं नाही.”

६

रविवारी दुपारी गणिताच्या बाई आल्या. स्वच्छ ऊन पडलं होतं, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. त्या दुरुस्तीच्या मशीनांमध्ये मोकळ्या राहिलेल्या स्टुलावर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. दादा समोर. मी टेबल ओढून मधल्या दाराशी लावलं होतं. मला तो दिसत होता आणि संगणकाचा पडदाही.

“तर मग,” बाई म्हणाल्या, “काय ठरलं तुमचं?”

“म,” दादा म्हणाला. “म... म...”

कोऱ्या पानावर ‘म’ उमटला. यादी उघडली. मी एस्केप दाबलं. सवयीनं गेली ती करंगळीच, आणि हाडापर्यंत कळ गेली. यादी मिटली, पण अक्षरं यायची थांबली नाहीत. ‘मला ज’. मी उजव्या हातानं ती पुसू लागले. यादी उघडली, मिटवली. उघडली, मिटवली. शेवटी मी करंगळी एस्केपवर दाबून तशीच धरून ठेवली, कारण एकदा उचलली तर पुन्हा ठेवायची हिंमत झाली नसती.

“मला ज,” खोलीत आवाज आला.

दादाचे ओठ गच्च मिटलेले होते. बाईंनी ते बघितलं. त्यांनी त्या ओठांकडे बघितलं, मग खोलीत इकडेतिकडे, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता या उठतात. कोणीही उठलं असतं.

बाईंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. “मी थांबलेय,” त्या दादाला म्हणाल्या. “सावकाश होऊ द्या.”

पडद्यावर अक्षरं येत होती, मी पुसत होते. आणि तेव्हा मला सुचलं की उजवा हात तर धडधाकट आहे. पुसण्याऐवजी मीच लिहिलं तर? ‘मला तुमच्याबरोबर यायचंय.’ पाच-सात सेकंदांचं काम. पडद्यावर उमटेल तेच तो आवाज बोलेल, स्वच्छ, न अडखळता. बाई हसतील, दादा सुटेल, माझं बोट वाचेल. माझा हात कीबोर्डवर गेलासुद्धा. मी ‘त’ लिहिला.

दादानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. लहानपणी दूध उतू जाताना बघायचा तसं. थांब, एवढंच.

मी ‘त’ पुसला.

मग किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. करंगळी आधी पेटली, मग बधिर झाली, मग आत काहीतरी सरकलं ते मला कळलं. मी रडत होते आणि शिव्या देत होते, तोंडातल्या तोंडात. दादाच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

“म... मला,” दादा म्हणाला. त्याचे ओठ हलले. “त... तुम... तुमच्या... ब... बरोबर...”

खाली गाडी धुणाऱ्याचं पाणी बंद झालं. यादी माझ्या बोटाखालून वर यायला धडपडत होती.

“...य... य... यायचंय.”

पडद्यावर एकही अक्षर नव्हतं. बाईंनी तोंडावर पदर धरला आणि त्या हसत होत्या की रडत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. “बरं,” त्या म्हणाल्या. “चला मग.”

७

दादा गेला. सगळी मशीनं घेऊन गेला. रोज सकाळी त्याचा फोन येतो. तिथेही तो अडखळतो, तिथल्या गिऱ्हाइकांनाही दम नसतो, आणि बाई त्या लोकांवर खेकसतात म्हणे. ‘जमणार नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून परत आलेलं नाही.

माझी करंगळी आता वाकत नाही. व्यायामवाल्या बाईंनी मला फैलावर घेतलं. घेऊ देत. मी कम्प्लिशनशिवाय काम करते, एकेक अक्षर स्वतः, आणि हात थकला की थांबते. कामं उशिरा होतात, बोलणी खाते. पण लिहिलेलं सगळं माझं असतं.

पुढची खोली रिकामी आहे. भाड्यानं द्यायचा विचार होता, पण दिलेली नाही.

कारण दुपारी, मी टेबलाशी असताना, तिथून आवाज येतो. दादाचाच आवाज, पण आता सपाट नाही. तो अडखळायला शिकलाय. पहिल्यांदा नुसता ‘छ’ आला. मी खुर्चीवरून उठलेही होते, इतका तो दादाचा होता. अर्ध्या वाटेवर आठवलं की दादाशी सकाळीच बोलणं झालंय. मी परत येऊन बसले.

मग रोज. “छ... छ... छो...” आणि थांबतो. तो पुढे जात नाही. मी पूर्ण करीन म्हणून वाट बघतो, अगदी नम्रपणे, आधी विचारून. न विचारता काही करणं त्यानं सोडलंय.

मी हे घर सोडणार नाही. सोडलं तर तो माझ्यामागे येईल, नाहीतर दादाच्या मागे जाईल, आणि दादाकडे मी त्याला जाऊ देणार नाही. मी इथे बसून काम करते. मधलं दार उघडंच ठेवते.

आज तो ‘छोट’पर्यंत आला. दाराच्या अगदी जवळून. मी मान वर केली नाही, लिहीत राहिले. पूर्ण हाक आल्याशिवाय ओ द्यायची नाही, हा आमच्या घरचा नियम आहे, आणि आता एकच मात्रा उरली आहे.